एकास एकशेसाठ

रुळांमधलं अंतर नऊ मिलिमीटर.
इंजिन वीतभरही नाही.
पोरानं हैदराबादहून आणलं, म्हणाला,
पप्पा, रिटायर झालात, आता बसा खेळत.
मी खेळलो नाही. टेप काढला.

परळीची रेल्वे म्हटली की थर्मल आलं,
आणि थर्मल म्हटलं की चिमणी.
एकशेवीस मीटर भागिले एकशेसाठ,
पाऊण मीटर. ठीक. पाइपाचा तुकडा होता घरात.
घोळ झाला तो टर्बाइन हॉलचा:
दोनशे मीटरचे सव्वाशे सेंटिमीटर
आणि माझी फळी चार फुटी.
हॉलच तीन सेंटिमीटर हवेत लोंबणार,
मग गाडी कुठून न्यायची, माझ्या डोक्यावरून?
कौसा दारातून म्हणाली,
"काय करायलाव हे, जेवण निवलं की."

शिंपी सदरा आत घेतो
तशी इमारत आत घ्यावी लागते.
बघणाऱ्याला वाटलं पाहिजे, आहे तेवढीच आहे.
चाळीस खिडक्या होत्या, अठरा बसतात.
बावीस काढायच्या.
कोणत्या?

पहिली साहेबाची, ती गेली.
कबुतरांच्या दोन ओळीनं होत्या, एक ठेवली.
अकरावी शेख जिलानीची.
तिच्या गजाला तो हातमोजे वाळत घालायचा,
रोजे असले की कागदात चार खजूर
आणि डोळा बाहेर, सूर्य कुठवर आलाय.
एक खजूर माझा असायचा, उपास नसून.
ती अकरावी नखाएवढी कापली, दोनदा बिघडली,
तिसऱ्यांदा जमली. हातमोजे नाही जमले.
माझी सतरावी.
ती काढून टाकली.
एकतीस वर्षांत मी तिच्यातून बाहेर बघितलंच कधी,
मी काट्याकडं बघत होतो.

राखेनं फसवलं.
खऱ्या तळ्यावरून पिशवी भरून आणली,
म्हटलं, राखेला राख. चिकटवली, भिंग लावलं:
एकेक कण खडीएवढा!
जी राख नाकातून, पिठातून, पोरांच्या दप्तरातून निघायची,
दिसायची नाही, नुसती खोकल्यात कळायची,
ती इथं डोंगरातल्या मुरमासारखी.
सगळं लहान होतं, राख होत नाही.
शेवटी रंगच दिला, फिक्का, दोन हात.

कूलिंग टॉवरसाठी मात्र मी सरळ खोटं बोललो.
मापात घेतला तर कमरेएवढा होतो.
तुळशीराम कुंभाराला डमरूचा अर्धा काढून दाखवला,
तो म्हणाला, बूड नसलेलं मडकं
मी जन्मात केलं नाही. मग केलं. दोन तडकले.
तिसरं फळीच्या पार मागं ठेवलंय,
लांबचं आहे असं समजा.

शेजारची पोरं येतात, गाडी फिरते,
पोरं विचारतात, काका, धूर?
कापूस लावा ना काका, तारेला.
मी म्हणतो, सेट बंद आहे.
चिमणीच्या टोकाला तेवढा तांबडा दिवा आहे,
मोहरीएवढा, तोही मापानं मोठाच.

काल रात्री लाइट गेली.
दिवा सेलवरचा, तो चालू राहिला.
मी दार उघडं टाकून गल्ली ओलांडली,
मुंजाजीच्या ओट्यावर जाऊन वळलो.
पावलं मोजली होती, सवयच ती:
तीस मीटर गुणिले एकशेसाठ,
पावणेपाच किलोमीटरच्या जरा वर.
म्हणजे पिंपळ्याचा चढ.
तिथं सायकलवरून उतरायचो
रात्रपाळीला येताना, चेन घसरलेली असो नसो,
आणि तो दिवा दिसायचा,
एवढाच,
अगदी एवढाच.

अठरा खिडक्या की चाळीस,
इथून काही कळत नव्हतं.
मुंजाजी झोपेतून उठून म्हणाला, कोण हाय?
म्हटलं, मीच. ड्युटीला निघालो.
तो म्हणाला, कडी लावून जा,
कुत्री शिरतात.